‘द्विबुद्धीचा’ म्हणजे शंकेखोर का?

प्रश्न असा आहे: बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातला ‘द्विबुद्धीचा’ माणूस म्हणजे मनात शंका येणारा का? आणि त्याच्या उलट काय म्हणावं, ‘एकाग्र’ की ‘एकनिष्ठ’?

नुसता शंकेखोर नव्हे. मूळ ग्रीक शब्द ‘दिप्सुखोस’. ‘प्सुखे’ म्हणजे जीव, म्हणजे शब्दशः ‘दोन जिवांचा’. मराठीत ‘दोन जिवांची’ म्हटलं की डोहाळजेवणच आठवणार, त्यामुळे भाषांतरात ‘बुद्धी’ आली हे बरंच झालं! पण बुद्धी म्हटली की आपण डोक्यातल्या गोंधळाकडे वळतो आणि गफलत तिथेच होते.

नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो, दोन्ही वेळा याकोबाच्याच पत्रात. 1:8 च्या (पहिला अध्याय, आठवी ओवी) आधी संशय धरणाऱ्याला समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे. तिथला माणूस तळ्यात-मळ्यात करतो. 4:8 मध्ये मात्र नूर वेगळा आहे. चारच ओव्या आधी जगाशी मैत्री म्हणजे देवाशी वैर, असं खडसावून झालंय. इथला माणूस दोन डगरींवर हात ठेवून आहे, आणि तेही अगदी शांत डोक्याने. त्याला बुद्धी साफ करायला नाही, अंतःकरण शुद्ध करायला सांगितलंय. जुन्या करारात कर्मेल डोंगरावर एलिया संदेष्ट्याने लोकांना विचारलं तेही हेच: परमेश्वर आणि बआल हा परका देव यांच्यामध्ये कुठवर लंगडत राहणार?

शंका म्हणजेच द्विबुद्धी असती, तर मार्कच्या शुभवर्तमानात (9:24) आजारी मुलासाठी येशूकडे आलेल्या बापाला रिकाम्या हाताने परत जावं लागलं असतं. माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवा, असं तो एका दमात ओरडतो. त्याचा मुलगा बरा होतो. शंका आहे, पण दुसरं दार त्याने उघडं ठेवलेलं नाही.

म्हणून 4:8 च्या विरुद्धार्थी मी ‘एकनिष्ठ’ घेईन. ‘एकाग्र’ हा लक्षाचा शब्द. परीक्षेच्या अभ्यासातही माणूस एकाग्र असतो. जुन्या करारातल्या स्तोत्र 86:11 मध्ये ‘चित्त एकाग्र कर’ अशी प्रार्थना आहे खरी, पण तिथलं हिब्रू क्रियापद ‘एक करणे’ या अर्थाचं आहे: फाटलेलं मन सांधून दे.

‘एकचित्त’ चालेल का? चालेल, पण नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ‘एकचित्ताने’ प्रार्थना करतात ते अनेकजण मिळून. एकट्या माणसाबद्दल लिहिताना वाक्यात तेवढं स्पष्ट करावं लागेल.