शिक्षा, दंड आणि सजा

प्रश्न असा आहे: हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मग मराठीत तोच शब्द गुन्हेगाराच्या वाट्याला कसा आला? त्याला जोडून दुसरा प्रश्न: निकालाच्या बातम्यांत 'दंडाची शिक्षा' असं लिहितात, ती द्विरुक्ती नाही का?

पहिल्या प्रश्नात मराठी एकटी नाही. कन्नड 'शिक्षे', तेलुगू आणि मल्याळम 'शिक्ष' यांचाही अर्थ गुन्ह्याबद्दल भोगायची शिक्षा असाच आहे. हिंदी-बंगालीने शिकण्याचा अर्थ धरून ठेवला. संस्कृत 'शिक्ष्' हे मुळात 'शक्' धातूचं इच्छार्थक रूप. एखादी गोष्ट करता यावी अशी इच्छा धरणं, म्हणून शिकणं. सहा वेदांगांपैकी 'शिक्षा' ही उच्चाराची विद्या. पुढे शिकवणं, वळण लावणं आणि वळण लागत नसेल तर ताडन, असा अर्थ सरकत गेला. 'शास्' धातूचंही तसंच. त्यातून 'शिष्य' आला, 'शास्त्र' आलं आणि 'शासन'ही आलं. 'दोषींना कडक शासन व्हावं' असं आपण आजही म्हणतो. 'चांगला धडा शिकवला' या वाक्यात तर मास्तर आणि न्यायाधीश वेगळे काढताच येत नाहीत.

यावरून काही जण म्हणतात की मराठीने शिक्षेकडे सुधारणेच्या दृष्टीने पाहिलं. मला हे पटत नाही. हातपाय तोडणं, कडेलोट, हत्तीच्या पायी देणं यांनाही आपण शिक्षाच म्हणतो, आणि त्यातून गुन्हेगाराने काही शिकावं अशी अपेक्षा कोणाचीच नव्हती. शिकायचं ते बघणाऱ्यांनी. शिक्षेच्या तत्त्वज्ञानात याला जरबेचा सिद्धान्त म्हणता येईल. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते, समाजाचं वर्तन नाही.

'दंड' म्हणजे मुळात काठी. मनुस्मृतीत दंडच प्रजेवर शासन करतो, सगळे झोपलेले असताना तोच जागा असतो. इथे दंड म्हणजे शिक्षा देण्याची सबंध सत्ता, म्हणूनच राज्यशास्त्राला 'दंडनीती' म्हणत. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात चार पायऱ्या दिल्या आहेत: आधी वाग्दंड म्हणजे समज, मग धिग्दंड म्हणजे निर्भर्त्सना, तिसरा धनदंड आणि शेवटी वधदंड. मराठीत सुटा 'दंड' यातल्या तिसऱ्या पायरीवर येऊन थांबला. क्रियापदं पाहा: दंड भरतात, शिक्षा भोगतात. जुना व्यापक अर्थ सामासिक शब्दांत मात्र शाबूत आहे. देहदंड काही पैशांत भरायचा नसतो, आणि दंडाधिकारी फक्त पावत्या फाडत नाही.

'सजा' फारसीतून आली. फारसीत 'सज़ा' म्हणजे लायक, योग्य ते. 'सज़ावार' म्हणजे पात्र. म्हणजे ज्याला जे साजेसं ते त्याला मिळालं. हा प्रतिफळाचा विचार झाला, आणि तो आपल्याकडे आधीपासून होता. कौटिल्य म्हणतो, तीक्ष्ण दंड देणाऱ्या राजाला लोक त्रासतात, मृदू दंड देणाऱ्याची अवहेलना होते, यथार्ह म्हणजे योग्य तेवढा दंड देणारा पूज्य ठरतो. वाक्य सुंदर आहे, पण 'यथार्ह' कोणाच्या मापाने, ते विचारायलाच हवं. मनुस्मृतीत ब्राह्मणाला शिवीगाळ केली तर क्षत्रियाला १०० पण (त्या काळचं नाणं) दंड, वैश्याला १५० किंवा २००, आणि शूद्राला थेट शारीरिक शिक्षा. गुन्हा तोच, बोललेले शब्दही तेच. इटलीतल्या बेक्कारिया या विचारवंताने १७६४ साली गुन्हा आणि शिक्षा यांत प्रमाण हवं असं मांडलं, तेव्हा सरदाराला आणि सामान्य माणसाला शिक्षा एकच हवी, हाही त्याचा आग्रह होता. या दुसऱ्या अटीशिवाय 'प्रमाण' हा शब्द मला पोकळ वाटतो.

जाता जाता 'तुरुंग'. हा पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आला. त्याचा अर्थ झाडाचं खोड, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा. आपला 'खोडा'ही 'खोड'शी नातं सांगतो. जुन्या काळी कोठडी बहुतेक माणसाला अडकवून ठेवण्यासाठी असे, खटला चालेपर्यंत किंवा कर्ज फिटेपर्यंत. मोजून वर्षं ठरवायची आणि तीच मुख्य शिक्षा मानायची, ही रीत युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळू लागली.

आता दुसरा प्रश्न. 'दंडाची शिक्षा' ही द्विरुक्ती नाही. संस्कृतात 'दंड' हे वर्गाचं नाव होतं, मराठीत तो मान 'शिक्षे'कडे गेला आणि दंड तिचा एक प्रकार झाला. १८६०च्या दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम ४ मध्ये शिक्षांचे सहा प्रकार आहेत: मृत्युदंड, जन्मठेप, सक्त किंवा साधी कैद, मालमत्तेची जप्ती, दंड आणि नव्याने आलेली समाजसेवा. त्यामुळे 'कैदेची शिक्षा' जितकी बरोबर, तितकीच 'दंडाची शिक्षा' बरोबर. खटकते ती 'मृत्युदंडाची शिक्षा', कारण तिथे दंड जुन्या, व्यापक अर्थाने आधीच बसलेला आहे. तिथे 'मृत्युदंड' किंवा 'फाशीची शिक्षा' लिहावं.