थंडीत स्पोर्ट्स कार काढणार असशील तर

भाऊ, थंडीत गाडी झाकून ठेवू नकोस. आपल्याकडे विदर्भात ना बर्फ, ना तो वितळवायला रस्त्यावर टाकलेलं, गाडी गंजवणारं मीठ. फक्त टायर समजून घे. स्पोर्ट्स कारचे उन्हाळी टायर साधारण 7 अंशांखाली कडक होतात, पकड सुटते. डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडे पहाटे पारा कधीकधी तिथवर उतरतो. म्हणून इंजिन ऑइल आणि टायर तापेपर्यंत ॲक्सिलरेटर जपून दाब. टायरची हवा सकाळी गाडी काढण्याआधीच तपास. तापमान 10 अंश उतरलं की हवा एक-दोन पीएसआय (दाबाचं माप) कमी दिसते.

मला खरी धास्ती वाटते ती तुरीची. मळणीसाठी लोक रस्त्यावरच तूर पसरतात. आपल्या गाडीचं पोट खाली. वाळलेल्या तुराट्या, पाला अडकतो आणि तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (गाडीखालचा, धूर स्वच्छ करणारा भाग) लागला की पेटू शकतो. त्यावरून जाऊच नकोस. थांब, उतरून विचार. माणसं जराशी तूर बाजूला सारून वाट करून देतात. नाइलाजाने गेलासच, तर पुढे मोकळ्या जागी थांबून वाकून बघ आणि अडकलेलं काठीने काढ, हाताने नाही.

अंधार पडल्यावर वेग अर्ध्यावर आण. कापसाच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही.