लवचिकता की उभारी?

परळच्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलंय : भूसुरुंगात एक पाय गमावलेले माजी सैनिक नववीच्या मुलांशी बोलायला येणार आहेत. त्यांनी विषय कळवलाय 'रेझिलियन्स', म्हणजे आघातानंतर पुन्हा सावरण्याची ताकद. फळ्यावर मराठीत काय लिहू? 'लवचिकता' लिहिलं तर मुलांना वाटेल योगासनांचा तास आहे.

बाई, मुलांचं चुकणार नाही. इंग्रजी शब्दाच्या पोटात लॅटिन क्रियापद आहे, अर्थ 'मागे उडी घेणं'. स्प्रिंग दाबली, सोडली, पुन्हा होती तशी. रबराला, पोलादाला 'लवचिकता' चोख बसते. पण गेलेला पाय परत येत नाही. मुरलीकांत पेटकर आठवा. सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या नि कमरेखालचं अंग लुळं पडलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवलं ते ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात. रिंगण सुटलं ते सुटलंच, माणूस पाण्यात उतरला. याला मागे उडी कशी म्हणायची?

'चिवटपणा' बराच जवळ येतो, मला आवडतोही. पण कालची पोळीही चिवट आणि पावसाळ्यातला खोकलाही चिवट. तो शब्द टिकण्याचं सांगतो, पडण्याचं नाही. 'जिद्द' तर न पडलेल्यांकडेही असते. 'सहनशीलता' मात्र कृपा करून नको, ती आपल्याकडे सुनांना शिकवून पुरेशी झाली आहे.

मी 'उभारी' लिहीन. पावसानं ओढ दिली की माना टाकलेलं पीक एका सरीनं उभारी धरतं, तापातून उठलेल्याला पेजेनं उभारी येते. आधी खचणं झालेलं आहे, हे या शब्दात धरलेलंच असतं. त्यात 'उभा' ऐकू येतो, आणि 'उभा'चं मूळ संस्कृत 'ऊर्ध्व'. एक पाय नसलेल्या माणसापुढे 'उभा' कशाला, असं कुणी म्हणेल. अहो, मराठीत उभं राहायला पाय कुठे लागतात? संसार उभा राहतो, कर्ज काढून धंदा उभा राहतो. क्रियापद तेवढं सांभाळा : उभारी येते, धरतात, देतात, 'दाखवत' नाहीत.

जाता जाता, निमंत्रणात 'जखमी जवान' असेल तर तेही बदला. जखम भरली की माणूस जखमी उरत नाही. 'जायबंदी झालेले' हा आपला जुना, नेमका शब्द आहे. आणि अधिकाऱ्याला 'जवान' म्हणत नाहीत, तेव्हा हुद्दा विचारून घ्या.

आमच्या लालबागच्या चाळीत एक हवालदारकाका होते. लाकडी पाय चढवण्याआधी गुडघ्याखालच्या खुंटावरचा मोजा ते इतका वेळ ताणत बसायचे की आम्हा पोरांना कंटाळा यायचा. एक सुरकुती राहिली तर संध्याकाळपर्यंत कातडी सोलते, म्हणायचे. मग कठड्याला धरून तीन जिने खाली. वाटेत कुणी 'काय काका, कसं काय चाललंय?' विचारलं, की पायाकडे बघून म्हणायचे, "बघ की, चाललंय."