फवारणीची सूचना नेमकी कोणासाठी?

प्रश्न : फवारणीच्या हंगामात आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मास्क आणि हातमोजे वापरण्याची सूचना लागते. प्रत्यक्षात मजूर तोंडाला दुपट्टा बांधून पऱ्हाटीत (कपाशीत) शिरतो. किट दिले तरी उकाड्यामुळे काढून ठेवतो. दुपट्टा पुरेसा आहे का, आणि शेतमालक म्हणून आमची जबाबदारी कुठपर्यंत?
– एक कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दुपट्टा पुरेसा नाही, आणि नुसता मास्कही नाही, कारण फवारणाऱ्याच्या अंगात विष श्वासापेक्षा कातडीतून अधिक भिनते. गळक्या पंपाने भिजलेली पाठ, औषध ओतताना हातावर उडालेले दाट द्रावण आणि ओल्या झाडांना घासून चिंब झालेली पँट, हे तिन्ही धोके दुपट्ट्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली होती आणि फवारा थेट तोंडावर येत होता, हे आपणास आठवत असेल.

मजूर किट काढतो याला त्याचा हट्ट म्हणणे मला पटत नाही. भर दुपारी प्लास्टिकचा अंगरखा कोणीही अंगावर ठेवणार नाही. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर ठेवावी, वाऱ्याकडे पाठ असावी आणि मजुरी पंपांच्या संख्येवर न ठरवता दिवसावर ठरवावी, म्हणजे घाई आपोआप कमी होते. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, चष्मा आणि बूट यांवर मात्र तडजोड नको. नोझल तुंबल्यास तोंडाने फुंकू नये. दोन-तीन औषधे दुकानदाराच्या सांगण्यावरून एकाच टाकीत मिसळण्याची सवयही सोडावी. डब्यावरील चौकोनात खालच्या त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे.

दरदरून घाम, लाळ, मळमळ, अंधूक दिसणे किंवा धाप यांपैकी काही जाणवताच काम थांबवून भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि १०८ ला फोन करावा. डबा किंवा त्याचे लेबल सोबत न्यावे. उतारा औषधागणिक बदलतो. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या विषावर ॲट्रोपिन चालते, म्हणून तेच सगळ्यांवर चालेल असे नाही.

जबाबदारीविषयी : कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे औषध हाताळणाऱ्या माणसाला, यात फवारणीही आली, योग्य संरक्षक कपडे मिळालेच पाहिजेत. ज्याच्या शेतात काम चालते, त्याने ‘दिले होते, त्यानेच घातले नाही’ एवढ्यावर हात झटकू नयेत.

प्रश्न : अशा अपघातात मजुराला शासनाची मदत मिळते का?
– तोच वाचक

उत्तर : येथेच मोठी फट आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशकाची विषबाधा समाविष्ट आहे आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण लाभ सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांनाच आहे. भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. बँक खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या मजुराने किमान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव घालावे. वर्षाला २० रुपये हप्ता असून अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण आहे. मात्र दाव्याच्या वेळी पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांवाचून अडते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. हप्ता मालकाने भरला तरी बिघडत नाही. आणि फळ्यावरची सूचना वाचता न येणाऱ्या मजुरांसाठी फवारणीआधी वस्तीवर प्रात्यक्षिक ठेवण्याचा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत लेखी द्यावा. सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) बोलावण्याची विनंतीही त्याच अर्जात करावी.