हुरड्याला गेलो आणि लेकरू गायीला घाबरलं

जानेवारी संपत आला होता. एक जोडपं माझ्याकडे समुपदेशनाला आलं आणि आईने बसता बसताच विचारलं, "मॅडम, आमचा मुलगा भित्रा आहे का हो?"

मुलगा पावणेचार वर्षांचा. पुण्याजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रावर ही मंडळी हुरड्याला गेली होती. सोबत सात वर्षांची मोठी मुलगी आणि आजी. ताई बैलगाडीत बसली, आगटीतून काढलेली गरम कणसं हातावर चोळून, फुंकून मनसोक्त हुरडा खाल्ला. धाकटा गोठ्याच्या दारातच थबकला. बाबांनी "अरे, गाय आहे, काही करत नाही" म्हणत त्याला उचललं आणि गायीच्या तोंडापुढे धरलं. गायीने मान झटकून फुस्स केलं. त्यानंतर तो जो आजीच्या पदरात शिरला तो निघेपर्यंत. आता रस्त्यात कुत्रं दिसलं तरी कडेवर घे म्हणतो, रात्री दचकून उठतो.

बाबांना वेगळंच सलत होतं. तिथल्या शेतकऱ्याचा एवढाच मुलगा म्हशीच्या पाठीवर बसला होता.

ही तुलना ऐकली की माझा जीव तुटतो. तो मुलगा रांगत होता तेव्हापासून म्हशी पाहतोय. आपल्या लेकराची गाय पुस्तकातली, तळहाताएवढी, तिला वास नाही की आवाज नाही. दोन ते पाच वर्षांच्या वयात प्राण्यांची भीती कितीतरी मुलांना वाटते. त्यात भित्रेपणा काही नाही. मोठ्या, अनोळखी जनावरापासून लांब राहणं हे त्या वयाचं शहाणपणच आहे.

मी बाबांना सतरंजीवर बसायला सांगितलं. मग भिंतीजवळचं कपाट दाखवलं. "त्याला गाय एवढी दिसते. आता हे कपाट हलतंय, त्याला शिंगं आहेत, आणि तुमचा सगळ्यात भरवशाचा माणूस तुम्हाला उचलून त्याच्या तोंडाशी नेतोय." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी हसलोसुद्धा होतो त्याला." ते त्यांना फार लागलं होतं. मी म्हटलं, हे त्याला सांगा. बाबांचं चुकलं, आता तू नको म्हणालास की मी थांबेन, एवढंच.

1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलावर केलेलं काम प्रसिद्ध झालं. तो सशाला घाबरायचा. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा. तो निवांत खातोय असं दिसलं की ससा जरासा पुढे. सशाशी न घाबरता खेळणारी मुलंही आसपास असत. शेवटी त्याने ससा कुरवाळला. शंभर वर्षं झाली, आम्ही आजही याच वाटेने जातो. फक्त अंतर मुलाला ठरवू द्यायचं.

पुढच्या वेळी तो स्वतः आला. मी रबरी गाय काढली, "कुठे ठेवू?" विचारलं. त्याने दाराबाहेर बोट दाखवलं. ठेवली बाहेर. तिसऱ्या भेटीत ती सतरंजीच्या कडेला आली आणि त्याने तिला चिकणमातीचा चारा केला. घरी आजी रोज झोपताना त्यांच्या लहानपणीच्या गायीची गोष्ट सांगत होत्या, त्याचा मला वाटतं माझ्याहून जास्त उपयोग झाला. कुत्रं दिसलं की कडेवर घ्यायचं, पण पळायचं नाही, थांबून लांबून बघायचं, हेही ठरलं होतं.

भीतीपायी मूल घराबाहेर पडेनासं झालं, झोप-खाणं बिघडलं, किंवा सहा महिने उलटूनही भीती तसूभर कमी झाली नाही, तर मात्र तज्ज्ञांना जरूर दाखवा. एरवी घाई नको. "घाबरट" हा शब्द तर घरातून काढूनच टाका, विशेषतः ताईच्या तोंडून.

मार्चमध्ये ते घराजवळच्या एका गोठ्यावर गेले. फोटो काढायचे नाहीत, असं आईनेच ठरवलं होतं. तो बाबांच्या पायामागे उभा राहिला आणि तिथूनच कडब्याचं एक धाट फेकलं. ते गायीपर्यंत पोचलंही नाही. गोठेवाल्या मामांनी ते उचलून गव्हाणीत टाकलं, गाय खाऊ लागली. हा बघत राहिला. मग बाबांची पँट ओढून म्हणाला, "अजून एक द्या."

हात लावतोस का, असं बाबांनी विचारलं नाही.