आजीचे लुगडे आणि मोडीतले कागद

प्रश्न : आजीच्या पेटीत विरलेली नऊवारी लुगडी, जरीचे काठ आणि मोडी लिपीतले हिशेबाचे कागद सापडले आहेत. ते कापून कोलाज करावे का?

उत्तर : लुगड्यांबाबत निःसंकोच हो म्हणेन, कारण विरलेल्या लुगड्यांची गोधडी शिवणे ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. रेशमाची घडी मात्र दर वेळी वेगळ्या जागी घाला, कारण जुन्या घडीवरचे धागे आधी तुटतात. आणि काळवंडलेली खरी जर (सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार) घासून उजळू नका, तिच्यावरचा मुलामा निघून जातो.

कागदांना मात्र कृपया कात्री लावू नका. वरवर हिशेब वाटणाऱ्या कागदात जमिनीची, वतनाची किंवा एखाद्या विसरलेल्या वाडीची नोंद असू शकते, म्हणून मोडीच्या जाणकाराकडून ते आधी वाचून घ्या. ऐतिहासिक मूल्य असलेले, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेषांविषयीच्या कायद्यानुसार पुरावशेष, म्हणजे जतन करण्याजोगी जुनी वस्तू, ठरते. असे कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून मोडी दस्तऐवज जपणाऱ्या संस्थेला दाखवता येतील. कोलाजसाठी त्यांचे स्कॅन करून हातकागदावर छापा. मोडीचे ते धावते वळण तिथेही तितकेच देखणे दिसते.