वाळवंटातल्या शहरात राहताना अचानक मुसळधार पाऊस अनुभवलाय का? तेव्हा नेमकं काय होतं?

अनुभवलाय, आणि गुडघ्याच्या वरपर्यंत अनुभवलाय. मी मूळचा बेळगावच्या वडगावचा. शारजात आठ वर्षं एका बिल्डिंगच्या मेंटेनन्सला होतो, म्हणजे पंप, एसी, पॅनेल बोर्ड. पावसाचं मला अप्रूप नाही. ओली चड्डी चुलीपुढं धरून, अर्धी वाळली की तशीच घालून शाळेत गेलेली पोरं आम्ही.

१५ एप्रिल २०२४, सोमवार. ईदची सुट्टी नुकतीच संपलेली. रात्री विजा सुरू झाल्या तेव्हा बाल्कनीत उभं राहून मीच पोरांना म्हटलं, भजी करूया. मंगळवारी दुपारपर्यंत भजी विसरलो. दुबईत आभाळ हिरवं झाल्याचे व्हिडिओ फिरत होते, आमच्याकडं नुसतं काळंकुट्ट. अमिरातीतल्याच अल ऐन शहराजवळ चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा. दुबई विमानतळावर वर्षाला सरासरी ९५ मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथं दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात.

आमच्या बेसमेंटला पाणी उपसायचे दोन पंप. त्यातला एक चार महिने बंद. रजिस्टरमध्ये माझ्या हातानं तीनदा लिहिलेलं आहे. मॅनेजरचं उत्तर ठरलेलं, "इथं पाऊस पडतो कुठं?" रॅम्पवरून पाणी असं आत आलं की धरणाचं दार उघडावं. इलेक्ट्रिक रूम तिथंच खाली. पाणी पहिल्या पायरीला लागलं तसा मी मेन ब्रेकर पाडला. त्यावरून नंतर शिव्या खाल्ल्या, पण कुणाला शॉक लागला नाही. अंधारात बुडालेल्या गाड्यांचे हॉर्न आपोआप वाजत होते, पाण्याखाली दिवे पिवळे लागलेले. एकेक करून गप्प झाले. तो आवाज अजून कानात आहे.

पुढं चार दिवस वीज नाही, लिफ्ट नाही. अकराव्या मजल्यावर एक मल्याळी आजी, इन्सुलिनवर. रोज सकाळी थर्मासमध्ये बर्फ घेऊन अकरा जिने. रस्त्यावरच्या पाण्यात गटार, डिझेल सगळं मिसळलेलं, पायाला खाज सुटलेली. पाणी हललंच नाही, कारण जायला वाटच नाही. वर्षात मोजून चार-पाच दिवस पाऊस, म्हणून आमच्या भागात पावसाळी गटारं जवळजवळ नव्हतीच. टँकर आणून उपसायचं. टँकर येणार कुठून, रस्ताच पाण्यात.

हे सगळं फोनवर अण्णाला, म्हणजे थोरल्या भावाला सांगितलं. तो हसला. "एवढ्याला घाबरलास बे? आमच्या कणकुंबीला ये जुलैत." कणकुंबी म्हणजे आमच्याकडचं धो धो पावसाचं गाव. आणि वर, "ते विमानानं पाडलेला पाऊस हाय, व्हॉट्सॲपवर आलंय."

तर ते आधी मिटवतो. विमानातून मीठ फवारून असलेल्या ढगातून थोडं जास्त पिळून घेता येतं, ढग तयार करता येत नाही. हे वादळ येणार हे आधीच माहीत होतं, ओमानमध्येही त्यानं माणसं मारली, आणि अमिरातीच्या हवामान केंद्रानं सांगितलं की वादळात फवारणी केली नव्हती. आपल्याच कर्नाटक सरकारनं २०१७ ला 'वर्षाधारे' नावानं फवारणी केली. तेव्हा वडगावात कोण बुडालं, अण्णा?

वडगावात जो बुडतो तो बळ्ळारी नाल्यानं बुडतो. नाल्याकडेच्या आमच्या शिवारात बासमती भात व्हायचं. २०१६ ला अण्णानं तिथं पाच गुंठ्यांत मुरूम टाकून घर उठवलं. मी म्हटलं होतं, पाण्याची वाट आहे ती, अडवू नको. "तू वाळवंटात राहतोस, तुला पावसातलं काय कळतंय?" हे त्याचं वाक्य. २०१९ च्या ऑगस्टात वहिनींनी तांदळाची पोती माळ्यावर चढवली आणि खालच्या काकांचं लावलेलं भात कुजलं, कारण त्यांचं पाणी आमच्या मुरमाला अडलं. शारजाला गटार नव्हतं, ते तरी समजतं. आपल्याला देवानं नाला दिलेला, तो आपण बुजवला.

तुम्ही तिकडं राहायला जात असाल तर तळमजला घेऊ नका, पावसाचा अलर्ट आला की गाडी बेसमेंटमधून काढा, घरात पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन आणि थोडी रोकड ठेवा. तळमजला भाड्यानं स्वस्त पडतो, ते का ते आता कळलं असेल.

हां, सगळीकडं आमच्यासारखं झालं नाही. शेजारच्या गल्लीत उंचावरच्या बिल्डिंगीत दुसऱ्या दिवशी लाइट होती. आणि दुबईनं दोन महिन्यांत ३० अब्ज दिरहमची पावसाळी गटारांची योजना जाहीर केली, २०३३ पर्यंतची. आम्ही दोघं भाऊ एक चर काढायला आठ वर्षं भांडतोय.

उतारा अजून दोघांच्या नावावर आहे, अण्णा. मी आता इथंच आहे. टिपर मी बोलावतो, डिझेल माझं. मिरगाच्या आधी बोल.